पोप दुसरे सिल्व्हेस्टर : एका नांवाचें चरित्र

बाप्तिस्म्यासाठीं मूल देवळाच्या दाराशीं आणलें म्हणजे धर्मगुरु आईबापांना पहिला प्रश्न नांवाचा विचारतात. पाणी, तेल, पांढरें वस्त्र, पेटती मेणबत्ती हें सर्व मागाहून, नांव आधीं. ज्युबिलीच्या निमित्तानें आपल्या देवळांतील बाप्तिस्म्याचीं जुनीं पुस्तकें ज्यांनीं चाळलीं असतील, त्यांच्या ध्यानांत आलें असेल कीं धर्मग्रामाचा सारा इतिहास त्या पानांवर नांवांच्याच रूपानें उतरलेला असतो. वसईपासून गोव्यापर्यंत ख्रिस्ती घरांतून ऐकूं येणारें सिल्व्हेस्टर हें नांव अशा नांवांपैकींच एक. ३१ डिसेंबरला, वर्ष सरतांना, ख्रिस्तसभा संत सिल्व्हेस्टर यांचें स्मरण करते, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु सन ९९९ मध्यें पन्नाशीला आलेल्या एका विद्वान पुरुषानें आपलें जन्माचें नांव बाजूस ठेवून हेंच नांव धारण केलें, त्या नांवानें तो संत पेत्राच्या आसनावर बसला, आणि त्या नांवाची किंमत त्याला कशी चुकवावी लागली, ही हकीकत फारशी कोणाच्या कानांवर आलेली नसते. ती वाचकांपुढें ठेवावी, एवढाच आमचा हेतु आहे.

पोपपदावर आरूढ होतांना नवें नांव घेण्याची चाल आज आपल्या इतकी परिचयाची आहे कीं ती पहिल्या दिवसापासून चालत आली असावी असें वाटतें. तिचें मूळ शुभवर्तमानांत आहे यांत शंका नाहीं. शिमोन नांवाच्या कोळ्याला प्रभु येशूनें पेत्र, म्हणजे खडक, हें नांव दिलें आणि नांवाबरोबर काम दिलें. तथापि त्यानंतर पांचशें वर्षें रोमचे बिशप आपल्या मूळच्या नांवानेंच ओळखले जात. सन ५३३ मध्यें मर्क्युरियस नांवाचे धर्मगुरु निवडून आले. मर्क्युरी ही प्राचीन रोमन लोकांची देवता. तिचें नांव पेत्राच्या वारसाला शोभणार नाहीं असें वाटून त्यांनीं योहान हें नांव घेतलें, आणि दुसरे योहान म्हणून ते इतिहासांत राहिले. यानंतरही सुमारें चारशें वर्षें असें क्वचितच घडलें. सन ९५५ मध्यें ऑक्टेव्हियन हे बारावे योहान झाले. सन ९८३ मध्यें पाव्हियाचे बिशप पेत्र निवडले गेले; प्रेषितश्रेष्ठाच्या नांवाचा मान राखण्यासाठीं त्यांनीं तें नांव सोडलें असें मानतात, आणि तेही योहानच झाले. सन ९९६ मध्यें ब्रुनो नांवाच्या तरुण जर्मन धर्मगुरूंनीं ग्रेगरी हें नांव घेऊन थोरल्या ग्रेगरींचें स्मरण जागें केलें. त्यांच्या पाठोपाठ, तीनच वर्षांनीं, ज्यांचें चरित्र आम्ही येथें सांगत आहों त्या गेर्बर्ट यांची निवड झाली. त्यांच्या मूळच्या नांवांत टाकण्यासारखें कांहीं नव्हतें. नव्या नांवांतून जगाला कांहीं सांगावयाचें होतें, म्हणून त्यांनीं तें घेतलें.

सिल्व्हेस्टर हा शब्द लॅटिन आहे. सिल्व्हा म्हणजे रान. सिल्व्हेस्टर म्हणजे रानांतला, रानांत वाढलेला. राजवाड्यांतल्या पुरुषाला सहज सुचावें असें हें नांव नव्हे. आणि ज्यांनीं तें घेतलें त्यांचा जन्मही राजवाड्यांत झालेला नव्हता.

फ्रान्सच्या मध्यभागीं ओव्हेर्न नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथें सन ९४५ ते ९५० च्या दरम्यान एका साध्या, अप्रसिद्ध घरांत गेर्बर्ट जन्मले. त्या काळीं बिशप आणि मठाधिपति हे बहुधा सरदारांचे पुत्र असत. गेर्बर्ट यांच्या पाठीशीं कुळाचा आधार नव्हता, पैशाचाही नव्हता. ओरियाक या गांवीं संत जेराल्ड यांचा बेनेडिक्टाइन मठ होता. त्या मठानें या मुलास पोटाशीं धरलें. रेमंड नांवाच्या गुरूंनीं त्याला लॅटिन व्याकरण शिकविलें. पुढें मोठमोठीं पदें मिळाल्यावरही आपल्या विद्येचें मूळ श्रेय या गुरूंचें व या मठाचें आहे, हें गेर्बर्ट पत्रांतून वारंवार लिहीत राहिले.

सन ९६७ मध्यें बार्सिलोनाचे सरदार बोरेल त्या मठांत येऊन उतरले. त्यांच्या देशांत निरनिराळ्या विद्या जाणणारे लोक आहेत असें कळतांच मठाधिपतींनीं या हुशार तरुणाला बरोबर नेण्याची त्यांना विनंति केली. अशा रीतीनें गेर्बर्ट पिरेनीज पर्वत ओलांडून गेले आणि व्हिक शहराचे बिशप आट्टो यांच्या देखरेखीखालीं गणिताचा अभ्यास करूं लागले. त्या काळीं स्पेनचा मोठा भाग मुसलमान राजांच्या अंमलाखालीं होता व कॉर्डोव्हा ही विद्येची राजधानी होती. तेथील ज्ञानाचे झरे सीमेवरील ख्रिस्ती मठांपर्यंत पाझरत येत.

याच ठिकाणीं या चरित्राचा धागा आपल्या देशाशीं जुळतो. १ पासून ९ पर्यंतचे अंक, आणि अंकाच्या स्थानावरून त्याची किंमत ठरविण्याची युक्ति, हीं भारतांत जन्मलीं, अरबांनीं तीं आत्मसात् केलीं आणि त्यांच्याकडून तीं स्पेनमध्यें पोंचलीं. स्पेनमधील आल्बेल्डा येथील मठांत सन ९७६ मध्यें तयार झालेल्या एका हस्तलिखितांत हे नऊ अंक आढळतात, आणि ते हिंदी लोकांच्या बुद्धीचें फळ आहेत अशी कबुलीही त्यांत आहे. गेर्बर्ट यांनीं हे अंक पिरेनीजच्या उत्तरेस नेले. त्यांनीं ढाली बनविणाऱ्या एका कारागिराकडून गणिताचा एक मोठा पाट करून घेतला. त्याचे २७ रकाने होते, आणि त्यांवर मांडण्यासाठीं शिंगाच्या १००० सोंगट्या होत्या. सोंगट्यांवर हे अंक कोरलेले. शून्य त्यांनीं वापरलें नाहीं. त्याच्या जागीं रकाना रिकामा राही. रोमन आंकड्यांनीं गुणाकार-भागाकार करतांना ज्यांचा जीव मेटाकुटीस येई, त्यांना हा पाट वरदानासारखा वाटला असल्यास नवल नाहीं.

स्पेनमधून बोरेल व आट्टो यांच्याबरोबर ते रोमला गेले. तेथें पोप तेरावे योहान यांनीं त्यांची बुद्धि ओळखली आणि सम्राट् पहिले ऑटो यांच्याकडे त्यांची शिफारस केली. पुढें तर्कशास्त्र शिकण्याच्या ओढीनें, सन ९७२ च्या सुमारास, ते फ्रान्समधील रीम्स शहरीं आले आणि आर्चबिशप आदाल्बेरो यांच्या आश्रयाखालीं कॅथेड्रलच्या शाळेचे प्रमुख झाले. दूरदूरचे विद्यार्थी तेथें जमूं लागले. ह्यू कापे यांचे पुत्र रॉबर्ट, जे पुढें फ्रान्सचे राजे झाले, ते त्यांचेच शिष्य. आकाशांतील ताऱ्यांच्या गति दाखविणारे गोल त्यांनीं स्वतः बनविले. एका तारेच्या वाद्यावर स्वरांचीं मापें शिकविलीं. पुस्तकांचा तर त्यांना ध्यास होता. प्रतींसाठीं ते देशोदेशीं पत्रें लिहीत. स्टेशियस या लॅटिन कवीच्या एका काव्याची प्रत मिळावी म्हणून त्रियरच्या एका मठवासीयास त्यांनीं आपल्या हातचा गोल देऊं केला होता. त्यांचीं दोनशेंहून अधिक पत्रें आज उपलब्ध आहेत, आणि त्यांतून हा मनुष्य आपल्याशीं बोलत असल्याचा भास होतो.

परंतु विद्वत्ता निराळी आणि अधिकार निराळा. सम्राट् दुसरे ऑटो यांनीं त्यांना इटलींतील बोब्बियो येथील, संत कोलंबानस यांनीं स्थापन केलेल्या प्रसिद्ध मठाचें अधिपतिपद दिलें. ग्रंथालय भरलेलें होतें. कोठार रिकामें होतें. मठाच्या जमिनी आसपासच्या बड्या लोकांनीं आपल्या घशांत घातल्या होत्या. गेर्बर्ट यांनीं त्या परत मागितल्या आणि सर्वांचें वैर ओढवून घेतलें. डिसेंबर ९८३ मध्यें सम्राट् वारले, आणि लौकरच गेर्बर्ट यांना रीम्सला परतावें लागलें. त्यांचें जें विरोधक झाले होते त्यांत पाव्हियाचे बिशप पेत्रही होते. नांव बदलून योहान झालेले पोप ते हेच.

यानंतरच्या प्रकरणांतून गेर्बर्ट यांच्या आयुष्यांतील खरा कसोटीचा प्रश्न उभा राहिला, म्हणून तें जरा विस्तारानें सांगणें प्राप्त आहे. सन ९८९ मध्यें आदाल्बेरो वारले. त्यांच्या जागीं गेर्बर्टच यावयाचे, अशी पुष्कळांची समजूत होती. परंतु ह्यू कापे, जे दोन वर्षांपूर्वीं राजे झाले होते, त्यांनीं पूर्वींच्या राजवंशांतील आर्नुल्फ यांना आर्चबिशप नेमलें. आर्नुल्फ यांनीं लौकरच रीम्स शहर राजाच्या शत्रूच्या, आपल्या चुलत्याच्या, हातीं जाऊं दिलें. राजानें संतापून बिशपांची सभा भरविली. सन ९९१ च्या जूनमध्यें व्हेर्झी येथील संत बासल यांच्या मठांत ती भरली. तिनें आर्नुल्फ यांना पदच्युत केलें आणि त्यांच्या जागीं गेर्बर्ट यांना बसविलें. रोमकडे आधीं पत्रें गेलीं होतीं, पण त्यांचें उत्तर आलें नव्हतें. रोमची संमति नसतां आर्चबिशपास काढतां येतें काय, हा वाद त्या सभेंत निघाला. त्या शतकांत कांहीं पोपांच्या वर्तनानें पेत्राच्या आसनाला काळिमा लागला होता. त्यावर बोट ठेवून अतिशय कठोर भाषणें झालीं. त्या सभेचा वृत्तांत लिहून काढला तो गेर्बर्ट यांनींच.

पोप पंधरावे योहान यांनीं हा निर्णय मान्य केला नाहीं. सन ९९५ मध्यें मूझों येथें पोपच्या वकिलासमोर गेर्बर्ट यांना उभें राहावें लागलें. त्यांनीं आपली बाजू नेटानें मांडली, पण निकाल त्यांच्या बाजूनें लागला नाहीं. त्यांच्या मिस्सेस हजर राहण्यास, त्यांच्या पंक्तीला बसण्यास सोबतचे लोक कचरूं लागले, अशी व्यथा त्यांनीं एका पत्रांत लिहून ठेविली आहे. आपण अन्यायानें वागलों असें त्यांना वाटत नव्हतें. तरीही ख्रिस्तसभेंतील एकीचा धागा आपल्या हातून ताणला गेला आहे, ही टोंचणी त्यांना लागली नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

अखेर त्यांनीं रीम्स सोडलें आणि तरुण सम्राट् तिसरे ऑटो यांच्या दरबारीं ते गेले. ऑटो हे सन ९८० मध्यें जन्मलेले. वडील जर्मन, आई थिओफानो ही कॉन्स्टॅंटिनोपलच्या दरबारांतली. सन ९९६ च्या मे महिन्यांत पांचव्या ग्रेगरींनीं त्यांना सम्राटाचा मुकुट घातला होता. या विद्याप्रेमी मुलाने गेर्बर्ट यांना आपले गुरु व्हावयाची विनंति केली. रोमचें प्राचीन साम्राज्य ख्रिस्ती रूपानें पुन्हां उभारावें हें त्याचें स्वप्न; त्याच्या शिक्क्यावरही तोच संकल्प कोरलेला होता. सन ९९८ मध्यें पांचव्या ग्रेगरींनीं गेर्बर्ट यांना राव्हेन्नाचे आर्चबिशप केलें. ज्या रोमनें रीम्स नाकारलें होतें, त्याच रोमनें त्यांना जवळ केलें. सन ९९९ च्या फेब्रुवारींत ग्रेगरी वारले आणि एप्रिलमध्यें सम्राटाच्या इच्छेनें गेर्बर्ट पोप झाले. त्या आसनावर बसलेले ते पहिले फ्रेंच पुरुष. रीम्स, राव्हेन्ना, रोम: एकाच अक्षरानें आरंभ होणाऱ्या तीन शहरांची ही चढती पायरी त्यांच्या समकालीनांच्याही नजरेंतून सुटली नाहीं.

आतां नांवाचा प्रश्न आला. पहिले सिल्व्हेस्टर हे सन ३१४ पासून ३३५ पर्यंत पोप होते. छळाचा काळ नुकताच संपला होता. सम्राट् कॉन्स्टंटाइन यांनीं सन ३१३ मध्यें ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली होती. सन ३२५ मध्यें नायसियाची महासभा भरली, तेव्हां सिल्व्हेस्टर यांनीं आपले दोन धर्मगुरु प्रतिनिधि म्हणून पाठविले. इतिहास त्यांच्याविषयीं एवढेंच थोडेंफार सांगतो. दंतकथेनें मात्र पुष्कळ भर घातली: सिल्व्हेस्टर यांनीं कॉन्स्टंटाइनचें महारोगाचें दुखणें बरें केलें, स्वतः त्यांना बाप्तिस्मा दिला, आणि सम्राटानें कृतज्ञतेनें रोम व पश्चिमेचें सारें राज्य त्यांच्या हवालीं केलें. वस्तुतः कॉन्स्टंटाइन यांचा बाप्तिस्मा सन ३३७ मध्यें, मरणसमयीं, दूर निकोमीडियाकडे झाला. तेव्हां सिल्व्हेस्टर यांना वारून दीड वर्ष होत आलें होतें. परंतु दहाव्या शतकांतील लोकांच्या मनांत पोप सिल्व्हेस्टर आणि सम्राट् कॉन्स्टंटाइन ही जोडी गुरुशिष्यांची, पितापुत्रांची जोडी म्हणूनच ठसलेली होती.

तेव्हां गेर्बर्ट यांनीं सिल्व्हेस्टर हें नांव घेतांच त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाहीं. पोप दुसरे सिल्व्हेस्टर, तर सम्राट् ऑटो हे दुसरे कॉन्स्टंटाइन. गुरु वेदीपाशीं, शिष्य सिंहासनावर, आणि दोघे मिळून ख्रिस्ती जगाची घडी नीट बसविणार, अशी ती घोषणा होती. नांव मोठें होतें. त्यांत थोडा अभिमानही असेल. परंतु घेतलेलें नांव मनुष्याकडून हिशोब मागतें, आणि या नांवानें तो तीन वेळां मागितला.

पहिला हिशोब आर्नुल्फचा. पेत्राचा वारस म्हणून गेर्बर्ट बसले, आणि रीम्सचा जुना तंटा त्यांच्यापुढें आला. ज्याच्या जागीं आपण बसलों होतों त्या मनुष्याविषयीं आतां काय करावयाचें? सूड घेणें सोपें होतें. मौन धरणें त्याहून सोपें होतें. सिल्व्हेस्टर यांनीं आर्नुल्फ यांना रीम्सच्या आसनावर कायम केलें, आर्चबिशपाचीं चिन्हें वापरण्याचा अधिकार परत दिला, आणि झाल्या गोष्टीवरून त्यांना कोणीं दोष लावूं नये अशी ताकीद दिली. रोमच्या संमतीवांचून तें पदच्युतीचें कार्य झालें होतें, हें त्यांनीं कारण दाखविलें. वाचकहो, याचा अर्थ ध्यानांत घ्या. पूर्वीं ज्या मुद्द्यावर ते स्वतः हरले होते, तोच मुद्दा त्यांनीं आपल्या सहीनें खरा ठरविला. आपल्या वादाहून ख्रिस्तसभेची एकी मोठी आहे, हें मान्य करावयास लागणारें धैर्य सर्व विद्वानांपाशीं असतें असें नाहीं.

दुसरा हिशोब दानपत्राचा. कॉन्स्टंटाइननें सिल्व्हेस्टर यांना राज्य दिल्याचें एक दानपत्र त्या काळीं पुढें केलें जाई. तें आठव्या शतकांत कोणीतरी रचलेलें होतें. आपल्या पोपचें नांव सिल्व्हेस्टर, तेव्हां त्या दानपत्राची वाहवा होईल असें कोणासही वाटावें. घडलें तें उलट. सन १००१ मध्यें ऑटो यांनीं इटलींतील आठ परगणे संत पेत्रास अर्पण केल्याची सनद करून दिली. तिच्यांत कॉन्स्टंटाइनच्या नांवावर चालविलेलें तें दानपत्र बनावट आहे असें स्पष्ट म्हटलें असून, आपण जें देतों तें आपल्या भक्तीनें व आपल्या पदरचें देतों, असें सम्राटानें नमूद केलें आहे. ही सनद सिल्व्हेस्टर नांवाच्या पोपनेंच स्वीकारली. ज्या दंतकथेच्या तेजानें हें नांव चमकत होतें, तिच्यांतील खोटा भाग त्याच नांवाच्या पुरुषाच्या कारकीर्दींत गळून पडला. पुढें लोक पुन्हां त्या कागदावर विश्वास ठेवूं लागले, आणि सन १४४० मध्यें लोरेंझो व्हाल्ला यांनीं भाषेच्या पुराव्यानें तो खोटा ठरवीपर्यंत तो विश्वास टिकून राहिला. पण तो दोष सिल्व्हेस्टर यांचा नव्हे.

तिसरा हिशोब नव्या राष्ट्रांचा. पूर्वींच्या सिल्व्हेस्टर यांच्या काळीं छळलेली ख्रिस्तसभा उघड्या आकाशाखालीं आली होती. यांच्या काळीं नवीं राष्ट्रें तिच्या दाराशीं उभीं होतीं. सन ९९७ मध्यें रक्तसाक्षी झालेले संत आडाल्बर्ट यांची कबर पोलंडांत ग्नीएझ्नो येथें होती. सन १००० मध्यें ऑटो तेथें यात्रेस गेले, आणि पोपच्या संमतीनें त्या गांवीं पोलंडचें पहिलें आर्चबिशपपद स्थापन झालें. हंगेरींत राजे स्टीफन यांनीं आपली प्रजा ख्रिस्ताकडे वळविली होती. त्यांना सिल्व्हेस्टर यांनीं राजमुकुट पाठविला अशी हंगेरियन लोकांची परंपरा सांगते. आज जपलेला मुकुट मागाहून घडविलेला आहे असें संशोधक म्हणतात, तरी पोप व सम्राट् यांच्या आशीर्वादानें स्टीफन राजे झाले यांत संशय नाहीं. आणि एस्टरगोम येथें हंगेरीचें स्वतःचें आर्चबिशपपद उभें राहिलें. या दोन्ही देशांतील देवळें शेजारच्या जर्मन आर्चबिशपांच्या हाताखालीं ठेवणें सम्राटाला सोयीचें झालें असतें. तसें न होतां त्या लोकांना ख्रिस्तसभेंत स्वतःच्या पायांवर उभें केलें गेलें. आज हजार वर्षांनंतरही तीं दोन आसनें कायम आहेत.

घरांतील शिस्तीकडेही त्यांनीं पाठ फिरविली नाहीं. पवित्र पदें पैशानें विकणें व विकत घेणें, आणि धर्मगुरूंनीं ब्रह्मचर्याचें व्रत मोडणें, या दोन रोगांविरुद्ध त्यांनीं आवाज उठविला. त्या कार्याचा पूर पुढें सातव्या ग्रेगरींच्या काळीं आला. पहिले थेंब मात्र आधींच पडूं लागले होते.

दुसऱ्या कॉन्स्टंटाइनचें स्वप्न मात्र फार दिवस टिकलें नाहीं. सन १००१ च्या आरंभीं रोमच्या लोकांनीं बंड केलें, आणि सम्राट् व पोप दोघांनाही शहर सोडावें लागलें. ऑटो पुन्हां रोममध्यें शिरूं शकले नाहींत. जानेवारी १००२ मध्यें पातेर्नो येथील किल्ल्यांत तापानें त्यांचा अंत झाला. वय अवघें २१. म्हाताऱ्या गुरूच्या डोळ्यांदेखत शिष्य गेला. सिल्व्हेस्टर रोमला परतले. पण आतां सत्ता दुसऱ्यांच्या हातीं होती, आणि त्यांच्यापाशीं उरली होती ती वेदी आणि विद्या. १२ मे १००३ रोजीं त्यांनीं देह ठेविला. लॅटरन येथील संत योहान यांच्या महामंदिरांत त्यांना मूठमाती मिळाली. पोप चौथे सर्जियस यांनीं सन १००९ मध्यें तेथें बसविलेला त्यांचा शिलालेख आजही पाहावयास मिळतो.

मृत्यूनंतर त्यांच्या नांवाची विटंबना सुरू झाली. शंभर वर्षें लोटतात न लोटतात तोंच गेर्बर्ट हे जादूगार होते, त्यांनीं सैतानाशीं करार केला होता, प्रश्नांचीं उत्तरें देणारें पितळेचें डोकें त्यांच्यापाशीं होतें, अशा कथा पसरल्या. कांहीं पोपांशीं वैर असलेल्यांनीं मुद्दाम पसरविल्या, कांहीं इतिहासकारांनीं चवीनें लिहिल्या. त्यांच्या मागें काय होतें? एक मनुष्य अरबांकडून आलेले अनोळखी अंक लिहितो, ताऱ्यांचे गोल फिरवितो, शिंगाच्या सोंगट्या हलवून क्षणांत भागाकार करतो. आणि रानाकडचा, बिनकुळीचा असूनही पोप होतो! अज्ञानाला याचें एकच उत्तर सुचलें. कोणा पोपचा मृत्यु जवळ आला कीं त्यांच्या कबरेचा दगड पाझरतो अशीही समजूत होती, आणि शिलालेखांतील शब्दांचा अर्थ भलताच लावल्यामुळें ती उपजली असें म्हणतात. ज्ञानाची भीति वाटणें ही श्रद्धा नव्हे, हें या कथांवरून आपण शिकावें.

या नांवाचा पुढील इतिहासही सांगण्याजोगा आहे. सन १०४५ मध्यें साबिनाचे बिशप योहान हे तिसरे सिल्व्हेस्टर म्हणून कांहीं आठवडेच आसनावर बसले, आणि त्यांच्या हक्काविषयीं वाद आहे. सन ११०५ मध्यें सम्राटाच्या पक्षाच्या रोमन लोकांनीं एका प्रतिपोपाला चौथे सिल्व्हेस्टर म्हणून उभें केलें. सन ११११ मध्यें त्यानें तें सोडून दिलें. त्यानंतर आजवर कोणत्याही पोपनें हें नांव घेतलेलें नाहीं. परंतु नांवांतून संकल्प बोलावा ही रीति मात्र रुजली. सन १०४६ मध्यें जर्मन बिशप सुइडगर हे दुसरे क्लेमेंट झाले, आणि त्यांच्यामागून आलेल्यांनीं दामासस, लिओ, व्हिक्टर अशीं आद्य ख्रिस्तसभेचीं नांवें शोधून घेतलीं. जणू जुन्या शुद्ध विहिरीकडे पुन्हां वळावें. आपलें बाप्तिस्म्याचें नांव तसेंच ठेवणारे शेवटचे पोप म्हणजे सन १५५५ मधील दुसरे मार्सेलस. आपल्या डोळ्यांसमोरचीं उदाहरणें घ्यावयाचीं तर सन २०१३ मध्यें असिसीच्या गरीब संताचें फ्रान्सिस हें नांव प्रथमच पोपच्या आसनावर आलें. मे २०२५ मध्यें चौदावे लिओ यांनीं नांव घेतलें, तें सन १८९१ मध्यें कामगारांच्या हक्कांविषयीं परिपत्र काढणाऱ्या तेराव्या लिओंचें स्मरण करूनच.

ओव्हेर्नच्या डोंगरांतून निघालेल्या एका मुलानें रानांतला असा अर्थ असलेलें नांव घेतलें, तें सम्राटाच्या वैभवासाठीं घेतलें असें वरवर पाहतां वाटेल. वैभव तीन वर्षांत गेलें. राहिलें तें एवढेंच: ज्याच्याशीं भांडण होतें त्याला त्यानें परत बसविलें, खोट्या कागदाच्या आधारावर त्यानें आपलें आसन उभारलें नाहीं, आणि दूरच्या लोकांना ख्रिस्तसभेंत सन्मानाची जागा दिली. नांव त्यानें पूर्वजाकडून उसनें घेतलें. फेडलें तें स्वतःच्या कृतीनें.

ज्युबिलीच्या दिवशीं आपण देवळांत जमूं तेव्हां आपल्यापैकीं प्रत्येकजण कोणा ना कोणा संताचें नांव घेऊन उभा असेल. तें आपण मागितलेलें नव्हतें. आईबापांनीं दिलें, धर्मगुरूंनीं पुस्तकांत लिहिलें. त्या नांवाचा सण कोणत्या दिवशीं येतो हें पुष्कळांस माहीत असतें. त्या नांवाचें देणें किती उरलें आहे याचा विचार क्वचित् होतो. घरांत वर्षांनुवर्षें अबोला धरलेला एखादा भाऊ, जमिनीच्या बांधावरून तुटलेला एखादा शेजारी, ज्याच्या जागीं आपण बसलों असा एखादा मनुष्य, हा प्रत्येकाचा आर्नुल्फ असतो. या उत्सवाच्या वर्षीं त्याच्या दारीं एकदां जावें, आणि त्याला नांवानें हांक मारावी, असें आम्हांस वाटतें.